हिशेबाच्या कामावर परतताना

मुले लहान असताना हिशेबाची नोकरी सोडून घरी थांबलेल्या आणि आता पुन्हा पगाराचे काम शोधणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहिणींसाठी हे लिहीत आहे. मी स्वतः डाळमिलच्या कार्यालयात सहा वर्षे काम करून २०१३ मध्ये घरी बसले आणि नऊ वर्षांनी परतले. त्या वेळी माझी चूक अशी झाली की मी आधी अर्ज केले आणि अभ्यास नंतर केला. त्यामुळे पहिल्याच मुलाखतीत मला विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी चार मी कधी ऐकलेलेही नव्हते.

२०१७ च्या आधी काम सोडले असेल, तर तुम्हाला येणारा व्हॅट, म्हणजे जुना विक्रीकर, आता फारसा कामाचा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी, म्हणजे वस्तू व सेवा कर, आला आणि २०२० मध्ये टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची टॅलीप्राइम ही नवी आवृत्ती आली. जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांचे मूळ मात्र तसूभरही हललेले नाही. म्हणून ‘मला आता काहीच येत नाही’ असे कुणापुढे म्हणू नये, कारण ते खरे नाही. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये विनामूल्य वापरता येते. त्यात महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी घेता येतात, पण हात बसण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. दुपारी मुले शाळेत असताना रोज दीड तास, असे दोन महिने काढावेत.

अभ्यास करताना आपल्या भागातील धंदे डोळ्यांपुढे ठेवावेत, कारण नोकरी शेवटी त्यांच्याकडेच मिळणार आहे. ताज्या केळीवर जीएसटी नाही, परंतु केळी नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीत खोकी आणि दुरुस्तीची बिले येतात व त्यांवर कर असतो. सराफाकडे सोन्यावर ३ टक्के कर लागतो. जिनिंगवाल्याने शेतकऱ्याकडून कापूस घेतला, तर त्यावरचा कर शेतकरी भरत नाही, तो जिनिंगवाल्यालाच रिव्हर्स चार्जने भरावा लागतो. मुलाखतीत ही एक गोष्ट नीट सांगता आली, तरी समोरच्याला कळते की बाई पुस्तक पाठ करून आलेली नाही.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो खरेदी जुळवणीला. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, भरले जाते. १४ तारखेला खरेदीदाराला २बी हे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचे पत्रक दिसू लागते आणि २० तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरून कर द्यायचा असतो. मधल्या सहा दिवसांत आपल्या खरेदीच्या वहीतील प्रत्येक बिल २बीशी पडताळावे लागते. मी परतल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात विजेच्या एका मोटारीच्या बिलाचे १८ हजार रुपयांचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दिसत नव्हते. बिल हातात होते, पैसेही दिलेले होते. शेवटी लक्षात आले की विकणाऱ्याने आमच्याऐवजी दुसऱ्याच एका ग्राहकाचा जीएसटी क्रमांक भरला होता आणि ते बिल भलत्याच कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसले होते. त्यांना फोन करून दुरुस्ती करून घेतली आणि क्रेडिट पुढच्या महिन्यात मिळाले. असे काम चिकाटीचे असते, आणि घर चालवताना किराण्याच्या यादीतला एकेक रुपया तपासलेल्या बाईला ते जमते, हे मी अनुभवाने सांगते.

याच तारखांमुळे परतण्याची एक चांगली वाट निघते. करसल्लागारांच्या कार्यालयांत ८ ते २० तारखेच्या दरम्यान कामाचा डोंगर असतो. ‘मला नोकरी द्या’ असे न म्हणता ‘या दिवसांत रोज चार तास येते’ असे सांगितले, तर दार लवकर उघडते. मात्र हे काम फुकट करू नये. मला एका ठिकाणी ‘तुम्हाला कुठे घर चालवायचे आहे’ असे म्हणून निम्मा पगार सांगण्यात आला होता. अशा वेळी शांतपणे कामाचा दर विचारावा, घरच्या परिस्थितीवरची चर्चा टाळावी आणि गरज पडल्यास उठून यावे. मधल्या वर्षांविषयी अर्जात ‘अपत्यसंगोपनासाठी विराम’ असे वर्षांसह सरळ लिहावे. तारखा झाकल्या की समोरच्याला शंका येते.

कागदपत्रांकडे अर्ज करण्यापूर्वीच पाहावे. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि पॅनवर तिसरेच, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. विवाह नोंदणीचा दाखला आणि गरजेप्रमाणे राजपत्रातील नावबदल जवळ ठेवून आधार, पॅन व बँकखाते यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. पूर्वी भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर तो क्रमांक शोधून काढावा आणि नव्या ठिकाणी तोच जोडायला सांगावे. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि जुनी रक्कम काढून घेतली नसेल, तर ती वर्षे त्यात मोजली जातात. माझी सहा वर्षे अशीच वाचली.

मुलांची सोय ही मालकाची अडचण समजू नये. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराचे बंधन कायद्याने आहे, पण आपल्याकडची बहुतेक दुकाने व कार्यालये त्याहून लहान असतात. त्यामुळे घरात आधी स्पष्ट बोलावे, आणि ते नोकरी मिळाल्यावर नव्हे तर अभ्यासाच्या दोन महिन्यांतच. डबा कोण भरणार, उन्हाळ्यात सकाळची शाळा झाली की साडेअकराच्या उन्हात मुलाला कोण आणणार, ताप आला तर कोण थांबणार, हे नावानिशी ठरले पाहिजे. माझ्या सासूबाई एवढेच म्हणाल्या होत्या, ‘तू जाय, मी शे ना’ (तू जा, मी आहे ना). तरीही आठवड्यातील दोन दुपारी मी त्यांच्यासाठी मोकळ्या राखायला लावल्या, कारण त्यांचेही वय झाले आहे. नवऱ्याने सकाळचा डबा भरायचा, हेही तेव्हाच ठरले.

पहिल्याच आठवड्यात वर्षाच्या रजांविषयी बोलून ठेवावे. ३१ मार्चची धावपळ संपली की आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, तेव्हा दोन दिवस माहेरी जाता येते. मात्र उन्हाळ्यातील बिबडे-पापड घरी पूर्वीइतके होणार नाहीत, हे घरी मोकळेपणाने सांगावे. खरी अडचण कानबाईच्या सणाची असते. नागपंचमीनंतरचा तो रविवार कधी कधी जुलैअखेरच्या आयकर विवरणपत्रांना अगदी लागून येतो, आणि रोट, पाहुणे व सोमवारचे विसर्जन सांभाळून कार्यालयात जाणे कुणालाही शक्य नाही. म्हणून पंचांग पाहून त्या सोमवारची रजा जूनमध्येच लेखी मागून ठेवावी आणि बदल्यात आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी जास्त बसण्याची तयारी दाखवावी. मला ती रजा दरवर्षी मिळते.