इलेक्ट्रिक की प्लग-इन हायब्रिड? गावाकडे आलिशान गाडी निवडताना या चुका टाळा

वरूड-मोर्शीचे संत्रा बागायतदार, हिंगणघाट-वणीकडचे जिनिंगवाले आणि गोंदियाचे राइस मिल मालक यांच्यात महागड्या गाडीची चर्चा आता डिझेलवरच थांबत नाही. एकाच कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी), हा प्रश्न नागपूरच्या शोरूममध्ये विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तिथेच, माहितीपत्रकावरच्या आकड्यांत शोधले जाते. वास्तविक ते उत्तर घरच्या मीटरपाशी मिळते, कारण या आकड्यांमागे अखंड वीज, पुरेसे व्होल्टेज आणि पक्के अर्थिंग गृहीत धरलेले असते. उदाहरणासाठी येथे बीएमडब्ल्यूच्या गाड्या घेतल्या आहेत. या कंपनीची दोन्ही प्रकारची मॉडेल्स भारताच्या बाजारात आली आहेत.

जोडीच चुकीची लावणे

इलेक्ट्रिकच्या बाजूला या कंपनीची आयएक्स१ लाँग व्हीलबेस जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाख रुपये शोरूम किमतीला आली, तर आय७ ही दोन कोटींच्या घरातली सेडान आहे. प्लग-इन हायब्रिडच्या बाजूला मात्र अलीकडे भारतात आलेल्या एक्सएम आणि नवी एम५ या दोन्ही ४.४ लिटरचे व्ही८ (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवलेल्या, वेगासाठी बांधलेल्या गाड्या आहेत आणि एक्सएमची किंमत डिसेंबर २०२२ मध्येच २.६० कोटी रुपये होती. त्यामुळे हायब्रिड ही इलेक्ट्रिककडे जाण्याची स्वस्त पायरी आहे, हा सर्रास केला जाणारा हिशेब येथे लागूच पडत नाही. त्यात कराचा फरक आहेच: इलेक्ट्रिक मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातील हायब्रिडवर तो ४० टक्के आहे.

याहून साधी चूक म्हणजे ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडलाच प्लग-इन समजणे. एक्स५ किंवा एक्स७ यांच्या पेट्रोल-डिझेल आवृत्त्यांत अशी छोटी मदतनीस यंत्रणा असते, पण त्यांना चार्जिंगचे सॉकेट नसते आणि त्या निव्वळ विजेवर मैलोगणती धावत नाहीत. बयाणा देण्यापूर्वी गाडीला चार्जिंगचे झाकण आहे की नाही, एवढे पाहिले तरी हा घोळ टळतो.

कागदावरचे किलोमीटर खरे मानणे

आयएक्स१ साठी भारतीय चाचणीनुसार ५३१ किलोमीटरचा दावा आहे. या चाचणीत सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो, तर समृद्धी महामार्गावर मर्यादाच ताशी १२० ची आहे. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना एसीही सतत चालतो. म्हणून प्रवासाचा बेत कागदावरच्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर आखणे मला शहाणपणाचे वाटते.

हायब्रिडचा आकडा याहून अधिक फसवा असतो. युरोपीय चाचणीत एक्सएमला १०० किलोमीटरला साधारण दीड लिटर पेट्रोल लागते असे दिसते, कारण त्या गणितात बराचसा प्रवास चार्ज केलेल्या बॅटरीवर होतो असे धरलेले असते. युरोपीय आयोगाने गाड्यांमधील प्रत्यक्ष नोंदी तपासून २०२४ मध्ये जाहीर केले, की प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट आहे. आपल्याकडे हे असे दिसेल: यवतमाळहून नागपूरला जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर होतात आणि एक्सएमची बॅटरी कागदावरही ८०-८५ किलोमीटरच पुरते, म्हणजे उरलेले दोनशेहून अधिक किलोमीटर २.७ टनांची गाडी व्ही८ इंजिन ओढणार. रोज गावातून तालुक्याला चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्याने ती दररोज रात्री चार्जला लावली, तर मात्र पेट्रोलला हात लावावा लागणार नाही. न चुकता चार्ज करण्याची सवय नसेल तर प्लग-इनचे जादा पैसे मोजण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही.

महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर हायब्रिड भरून घेऊ, हीदेखील चुकीची समजूत आहे. फास्ट चार्जर डीसी वीज देतात आणि एक्सएम व एम५ यांना डीसी चार्जिंग घेताच येत नाही. समृद्धीवरची टोलमाफीही राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहे, त्यामुळे ती हायब्रिडच्या हिशेबात धरू नये.

घरची वीज न तपासता गाडी ठरवणे

बहुतेक फजिती येथेच होते. सोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर साध्या सॉकेटवर १० अँपिअरने चालवला तर तासाला जेमतेम सव्वादोन युनिट भरतात. आय७ ची बॅटरी १०१.७ किलोवॅट-तासांची, म्हणजे तितक्याच युनिटांची आहे. ती अशा सॉकेटवर रिकामीची पूर्ण व्हायला दोन दिवसही अपुरे पडतील. एक्सएमची २५.७ ची बॅटरी मात्र त्याच सॉकेटवर एका रात्रीत भरते, आणि गावाकडे हायब्रिडचा खरा फायदा कोणता असेल तर तो हाच. ७.४ किलोवॅटच्या भिंतीवरील चार्जरला सिंगल फेजवर ३२ अँपिअर लागतात, तर ११ किलोवॅटला थ्री फेज हवा. म्हणून आधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहावा आणि तो कमी असेल तर गाडी येण्याच्या पुष्कळ आधी महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा. डीपीवर आधीच ताण असेल तर नुसत्या अर्जाने भागत नाही, हे मिलवाल्यांना सांगायला नको.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल राज्य सरकार भरते, म्हणून वाडीतल्या पंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा मोह अनेकांना होतो. शेतीची वीज अन्य कामासाठी वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. शिवाय तिथे वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे पकडले गेले नाही तरी बॅटरी अर्धवटच भरते. छतावरच्या सौर पॅनेलचा आधारही पूर्ण नाही: तीन किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिट देतो, आणि बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच लाइन गेली की स्वतःही बंद पडतो.

ज्याच्या जिनिंगला स्वतःचे रोहित्र आहे आणि ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा नागपूर गाठावे लागते, त्याने सरळ इलेक्ट्रिक घ्यावी. ज्याचे घर लाइनच्या टोकाला आहे आणि जिथे पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, त्याने साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी ठेवावी.

चार्जिंग मध्येच थांबत असेल तर

गाडी बिघडली असे समजून लगेच नागपूरला नेऊ नये. प्रथम तीच गाडी दुसऱ्या, चांगल्या जागी लावून पाहावी. तिथे चार्ज झाली तर दोष बहुधा घरच्या विजेत आहे. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर सुरूच होत नाही. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवती ओलावा राहत नाही आणि डिसेंबरात व्यवस्थित चालणारा चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवू लागतो. खड्ड्यात पाणी घालणे हा तात्पुरता उपाय आहे. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मापन करून नवे अर्थिंग घालणे हा कायमचा. घरच्या जनरेटरवर चार्जर दोष दाखवतो, त्याचेही कारण बहुधा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसणे हेच असते.

चार्जिंग संध्याकाळी थांबत असेल आणि मध्यरात्रीनंतर सुरळीत होत असेल, तर व्होल्टेज पडते आहे असे समजावे आणि गाडीतील टायमर रात्री अकरानंतरचा लावावा. प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे. सैल सॉकेट, बारीक वायर किंवा मध्ये जोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि यांपैकी एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच वापरू नये. आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) वारंवार पडत असेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला गावातला वायरमन देईल. तो मानू नये, कारण ओल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीला हात लावणाऱ्याचा जीव तेवढ्या एका यंत्रावर अवलंबून असतो.