पुण्यात नवी सायकल घेताना

दुकानात शिरण्याआधी रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पेठांतून डेक्कनपर्यंतच जायचं असेल तर बिनगियरची साधी सायकल उत्तम. कमी बिघडते, कुठेही दुरुस्त होते. चांदणी चौक किंवा कात्रजचा चढ रोजचा असेल तर मात्र गियर हवेतच. पण '२१ गियर' या स्टिकरवर जाऊ नका, दाते मोजा. पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही २८ची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं. शहरातल्या चढांना एवढं पुरतं. सिंहगड चढायचा मनसुबा असेल तर मागे ३४ दाते बघा.

पुढचे शॉकअप स्वस्त सायकलीत घेऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत. वजन वाढतं आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की जोर स्प्रिंगच खाते. खड्ड्यांसाठी ३५ ते ४० मिमी रुंदीचे टायर आणि त्यांच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा, हे जास्त कामाचं.

मापात सर्वाधिक फसगत होते. सायकल दोन पायांत घेऊन जमिनीवर सपाट उभे राहा. आडवी नळी आणि जांघ यांत किमान दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं. मग सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. दुकानदार सीट खाली ठेवून देतात, कारण दोन्ही पाय टेकले की गिऱ्हाईक खूश. पुढे गुडघे दुखतात ते याच सीटमुळे. हँडल धरल्यावर कोपर ताठ होत असेल तर फ्रेम लांब आहे, एक माप खाली या.

पावसाळ्यात चालवणार असाल तर केबलवाले डिस्क ब्रेक घ्या, कारण रिमवर दाबणारे रबर ओल्या चिखलात घसरतात आणि लवकर झिजतात. मडगार्ड पूर्ण लांबीचेच.

ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. घरी जोडताना फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, उलटा बसू शकतो; त्याचा बाक पुढे हवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; आधी बोटांनी फिरवा, पान्याने रेटलं तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात. महिन्याभराने केबल ढिल्या पडतात, आरेही तपासावे लागतात, म्हणून पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका.

बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बहुधा फ्रेमच्या तळाशी, दोन्ही क्रँक जोडणाऱ्या धुऱ्याखाली कोरलेला असतो, आणि सायकल चोरीला गेली तर तक्रारीत तोच लागतो.