वडिलोपार्जित बोरबाग: छाटणीत आणि कलमात या चुका टाळा

सोलापूरच्या मुरमाड रानात आजोबांनी लावलेल्या बोरी अजून तग धरून असतात, पण फळ सुपारीएवढंच येतं. ‘झाडं म्हातारी झाली’ म्हणून लगेच बाग काढू नका. बहुतेक वेळा दोष छाटणीचा असतो.

बोरीला फळ नव्या फुटीवर लागतं. जुन्या फांद्या कापताना जीव तुटतो म्हणून नुसते शेंडे खुडले, की फूट काडीसारखी बारीक येते. तोडा संपला की पाणी बंद करा. मार्चमध्ये पाणी चालू राहिलं तर झाडाला विसावाच मिळत नाही. पानगळ झाल्यावर, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत छाटणी उरका. पावसाळ्यात छाटलं तर फूट तयार होण्याआधीच फुलाची वेळ येते.

जाड फांदी वरून एकदम कापली की ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. आधी खालून खाच घ्या, मग वरून करवत चालवा. कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. लोखंडी पातं बुडवून पाहा. तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

सगळ्यात महाग पडणारी चूक कलमाच्या जोडाखाली होते. तिथून येणारे फुटवे गावठी बोरीचे असतात: पान लहान, काटे जास्त, फळ गोल आणि बारकं. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं तर वरची उमराण (कलम केलेली बोरीची जात) दबते आणि घरच्यांना वाटतं, जात बिघडली. फुटवे दिसतील तेव्हा बुडापासून काढा. पूर्ण झाडच गावठी झालं असेल तर उन्हाळ्यात खोड गुडघ्याच्या वर कापा, तीन-चार जोमदार फुटी ठेवा आणि त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या की जुलैत डोळा भरा, म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा काढून त्या फुटीच्या सालीत बसवा. डोळ्याची काडी मात्र बागेतल्या भरघोस फळणाऱ्या झाडाचीच घ्या. असं झाड कोणतं, हे वडीलधाऱ्यांना विचारून आत्ताच खोडावर खूण करून ठेवा.

भुरी हा बुरशीचा रोग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोवळ्या फळांवर पांढरी पूड होऊन दिसते. फळं वाटाण्याएवढी असतानाच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २५ ग्रॅम, असं फवारा. भर उन्हात नको.

गळलेली किडकी बोरं बांधावर टाकू नका. त्यातल्या अळ्या मातीत कोष करतात आणि त्यातूनच पुन्हा फळमाशी निघते. बोरं रोज वेचून दोन फूट खोल पुरा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरून तापू द्या.