ओव्हरक्लॉकिंगसाठी कूलर: हवेचा की पाण्याचा?
ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आणि त्यात तो जास्त तापतो. म्हणून आधी प्रोसेसर किती वॅट खातो ते बघा. इंटेलचा कोअर आय९-१४९००के ओव्हरक्लॉक न करताच २५३ वॅटपर्यंत जातो; त्याला ३६० मिमी रेडिएटरचा (पाण्यातली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) लिक्विड कूलरच घ्या. एएमडीच्या सहा कोरच्या रायझन प्रोसेसरला मात्र दोन टॉवरचा (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) एअर कूलर सहज पुरतो, आणि माझा कल तिकडेच. पंखा गेला तर नवा लावता येतो. सीलबंद लिक्विड कूलरचा पंप गेला की बहुधा अख्खा कूलरच बदलावा लागतो. फक्त कॅबिनेटमधली जागा मोजा, नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा एअर कूलर चांगला १६५ मिमी उंच आहे! लिक्विड घेतलाच तर रेडिएटर वर बसवा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. आणि खोलीतल्या हवेपेक्षा थंड दोन्हीही करत नाहीत.