मेटलचा अल्बम सुचवायचाय? आधी यादी फाडा

२०२५ च्या जुलैत ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑझबर्न गेला आणि आमच्या ऑफिसात मी दोन दिवस अचानक महत्त्वाचा माणूस झालो. एरवी माझा काळा टी-शर्ट बघून 'कोण गेलं रे?' विचारणारी मंडळी. या वेळी खरंच कुणीतरी गेलं होतं. डबा खाताना एकेक जण विचारू लागला, याचं काय ऐकायचं, सुरुवात कुठून करायची. वीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला म्हटल्यावर मी रात्री जागून २७ अल्बमांची यादी केली, सालासकट, आणि ग्रुपवर टाकली. एकाचा अंगठा आला. एकीने 'बापरे' लिहिलं. ऐकलं कुणीच नाही.

त्याआधीचाही एक गुन्हा माझ्या नावावर आहे. पिंक फ्लॉइडच्या संथ रॉकवर जीव टाकणाऱ्या एका मित्राला मी स्लेयर या सुसाट मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' ऐकायला सांगितला. त्याने तो गाडीत लावला. मागच्या सीटवर त्याची आई होती आणि गाडी त्र्यंबकेश्वरला निघाली होती. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला ती किंकाळी आहे, ठाऊक असेल तुम्हाला. पुढे कसारा घाटापर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे.

या दोन फजित्यांतून जे शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे आपला आवडता अल्बम खिशात ठेवायचा. तो आपल्याला का आवडला याला आपलं सतरावं वर्ष, ती कॅसेट, तो पाऊस अशी बरीच कारणं असतात आणि त्यातलं काहीच समोरच्याकडे नसतं. त्याच्याकडे त्याचा कान असतो. तो कान शोधायचा. 'तुला कुठलं संगीत आवडतं?' विचारलंत तर 'सगळंच' असं उत्तर मिळतं, त्याचं काय लोणचं घालायचं? मी विचारतो, गेल्या आठवड्यात कुठलं गाणं लागोपाठ दोनदा लावलंस? आणि दुसऱ्यांदा कशासाठी लावलंस? गळ्यासाठी, ठेक्यासाठी, की मधल्या वाजवण्यासाठी?

माझा भाचा पुण्यात ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याला गाण्याचे शब्द, गायक, कशाशी काही घेणं नाही. गणपतीआधी सरावाचे दिवस होते, बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. त्याला मी ज्युडास प्रीस्ट या बँडच्या १९९० च्या 'पेनकिलर'ची फक्त सुरुवात ऐकवली. स्कॉट ट्रॅव्हिस हा ड्रमर तेव्हा बँडमध्ये नवाच आला होता आणि अल्बम उघडतो तोच त्याच्या एकट्याच्या वाजवण्याने, पंधरा-एक सेकंद. भाच्याने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मामा, परत."

परत लावलं. तो टेबलावर दोन बोटांनी तर्री धरायला लागला आणि मध्येच थांबला. "हा खालचा आवाज कशाचा? हाताने तर वर वाजवतोय."

"पायाने. दोन पाय, दोन ड्रम."

"दोन्ही पायांनी तर्री?"

बास. उरलेला अल्बम त्याने स्वतःच ऐकला. नंतर 'रेन इन ब्लड'ही त्यालाच दिला आणि तो तिथे बरोबर पोचला. १९८६ चा अल्बम, दहा गाणी, जेमतेम २९ मिनिटं. कॅसेटच्या प्रत्येक बाजूला अख्खा अल्बम मावत असे. ठाण्याहून फास्ट लोकल पकडली तर दादर येईस्तोवर संपत येतो. मात्र हा अल्बम देताना शब्दांबद्दल आधी बोलावं. पहिलं गाणं नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतल्या डॉक्टर मेंगेलेवर आहे आणि त्यात काही हातचं राखलेलं नाही. गाण्याचे शब्द आणि मुखपृष्ठ बघून एका बड्या कंपनीने तो बाजारात आणायला नकार दिला होता. अशी गोष्ट माणसाला आपल्या तोंडून कळलेली बरी.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका नाट्यसंगीतातले. त्यांना ड्रम ऐकवून काय होणार? त्यांचा जीव दमसासात. त्यांना दिला रेनबो या बँडचा 'रायझिंग', १९७६ चा, सहाच गाणी. (हा मेटल नव्हे, हार्ड रॉक, असा शास्त्रार्थ करणारे भेटतील. करू द्या.) 'स्टारगेझर' हे त्यातलं आठ मिनिटांचं गाणं, मागे म्युनिकचा अख्खा वाद्यवृंद आणि त्याच्या वर रॉनी जेम्स डिओचा गळा. डिओ लहानपणी ट्रम्पेट शिकला होता आणि श्वासाचं तंत्र तिथूनच आलं असं तो सांगायचा. एवढीच माहिती मी काकांना दिली. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. शेवटी म्हणाले, "मागे वाजवतात ते फार. पण हा पोरगा ओरडत नाही रे, गातोय." डिओ २०१० मध्ये गेला हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

आणि तो फ्लॉइडवाला? त्याची माफी मागून ओपेथचा 'डॅम्नेशन' दिला. २००३ चा. स्वीडनचा हा बँड तेव्हा एरवी घसा खरवडून गायचा, पण या अल्बममध्ये तसं अजिबात नाही. सगळं सावकाश, मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्डचे ओले सूर, निर्मितीत स्टीव्हन विल्सन हा संगीतकार. महिन्याभराने त्यानेच विचारलं, यांचं अजून काय आहे. मग २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क', तोही तिसऱ्या गाण्यापासून ऐक म्हटलं, कारण ते मवाळ आहे. एकदा घरात आला की माणूस मग पहिल्या गाण्याकडे आपणहून जातो.

खरवडलेल्या गळ्याबद्दल लोक फार अडतात. 'हे काय डुकरासारखं?' यावर वाद घालू नका, कुणाचाही कान वादाने उघडत नाही. गळा नकोच असेल तर मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मधलं 'ओरायन' द्या, आठ मिनिटं नुसतं वादन आणि मधे क्लिफ बर्टनचा बास. नाहीतर सरळ कार्यक्रमाला न्या. मुंबईच्या भयानक मौत किंवा डेमॉनिक रिझरेक्शनसारखा बँड समोर उभा राहून गातो तेव्हा पोटातून येणारा तो आवाज दिसतो, आणि मग फोनवर ऐकतानाही कळतो.

आता ऑफिसची मंडळी. त्यांना शेवटी एकच अल्बम दिला, ऑझीच्याच ब्लॅक सॅबथचा पहिला. १९७० चा फेब्रुवारी, तारीख १३, वार शुक्रवार. एका दिवसात रेकॉर्ड केलेला. आणि सोबत यादीऐवजी एक गोष्ट सांगितली. सॅबथचा गिटारवादक, बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपली असं डॉक्टरांनीही सांगितलं. तेव्हा कारखान्यातले साहेब घरी आले आणि त्यांनी त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीला ऐकायचीच नव्हती. ऐकून झाल्यावर साहेबांनी सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो, बाकीची आगीत निकामी झालीत. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. सॅबथचा तो जड, खालचा आवाज घडला त्यात या टोपणांचा आणि तारांचा मोठा वाटा. माझ्या मते सुचवणं असावं तर त्या साहेबांसारखं. एक माणूस, एक रेकॉर्ड, आणि महत्त्वाचं वाक्य ऐकून झाल्यावर.

अल्बम देताना कुठे कान द्यायचा तेही सांगा. सॅबथच्या पहिल्या गाण्यात आधी पाऊस आणि चर्चची घंटा, मग तीन सुरांचा तो अशुभ तुकडा, आणि साधारण साडेचार मिनिटांनंतर गाणं अचानक पळायला लागतं. 'तिथपर्यंत थांब' एवढं सांगितलं की लोक थांबतात.

बारीकसारीक गोष्टी राहिल्या. शफल बंद करायला लावा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नको म्हणा, बास जातो आणि नुसती माशी गुणगुणते. नेमकी कुठली आवृत्ती ते सांगा. मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' २००४ मध्ये नव्याने मिक्स झाला तेव्हा काही ठिकाणचं गाणं पुन्हा गायलेलं आहे, १९९० चाच शोधायला सांगा. मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' देणार असाल तर बास ऐकूच येत नाही हे आधी कबूल करा, नाहीतर तो बिचारा हेडफोन बदलून आणेल. थ्रॅश, डूम, डेथ ही मेटलच्या पोटजातींची नावं दुसऱ्या महिन्यापर्यंत उच्चारू नका. आणि 'ऐकलंस का?' हा प्रश्न कधीच विचारू नका. मी ऑफिसात विचारला नाही. तिघांनी आपणहून येऊन सांगितलं, एकीला फक्त पाऊस आवडला. चालतं.

परवा काकांनी जिन्यातच गाठलं. "त्या ट्रम्पेटवाल्याचं अजून काही आहे का?" मी 'होली डायव्हर' घेऊन वर गेलो, १९८३ ची त्याची स्वतःच्या बँडची पहिली तबकडी. मुखपृष्ठावर शिंगं असलेला राक्षस आहे आणि खाली लाटांमध्ये साखळदंडांनी बांधलेला एक पाद्री. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ ते चित्र निरखलं.

"हे बुडतंय ते कोण?"

"भटजी आहेत काका. त्यांच्यातले."

आत स्वयंपाकघरातून काकू काहीतरी म्हणाल्या. काकांनी हात मागे नेऊन दार लोटून घेतलं.

"लाव."