डायलवरचे नाव शेवटी वाचावे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांत पांढऱ्या गोल तबकडीचे चावीचे घड्याळ अजूनही भिंतीवर दिसते, आणि ‘आजोबांनी आणलेले अस्सल विलायती’ ही त्याची ख्याती घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. ती कितपत खरी आहे हे ठरवायचे असेल, तर पाहणी मागून पुढे करावी.

आधी तळाचे छोटे दार उघडून लंबक अलगद सोडवावा. तो तसाच ठेवून घड्याळ उतरवले, तर ज्या पातळ पोलादी पट्टीवर तो झुलतो ती वाकते. मागची पेटी पुढच्या गोल चौकटीला बहुधा चार लाकडी खुंट्यांनी धरलेली असते. त्या ओढल्या की पेटी सुटते आणि डायलला जोडलेले यंत्र उघडे पडते.

आता शंकूच्या आकाराचा खाचेदार पितळी भाग दिसतो का, ते पाहावे. यालाच फ्यूजी म्हणतात, आणि चांगल्या इंग्लिश घड्याळाची ही सर्वांत मोठी खूण आहे. कमान, म्हणजे घड्याळ चालवणारी गुंडाळलेली स्प्रिंग, शेजारच्या बंद डब्यात असते आणि डब्यापासून शंकूपर्यंत बारीक साखळी, तात (आतड्याची दोरी) किंवा तार गेलेली असते. चावी पूर्ण असताना कमानीचा जोर जास्त असतो, तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते. जोर ओसरत जातो तशी ती रुंद भागाकडे सरकते, त्यामुळे आठवडाभर चक्रांना जवळजवळ सारखीच ओढ मिळते. चावी भरत आली की शेवटचा वेढा एका छोट्या दांडीला ढकलतो, दांडी शंकूच्या नाकाला आडवी येते आणि चावी थांबते. ही अटक हाताने घासून बसवलेली पाहणे मला स्वतःला डायलपेक्षा सुंदर वाटते. यंत्राचे पत्रे जाड आणि अखंड असतात. पत्रा पातळ, जागोजागी कापून काढलेला आणि कमान उघडी असेल, तर घड्याळ बहुधा अमेरिकन आहे. त्यात कमीपणा नाही, पण ते विलायती नव्हे. कमान ताणलेली असताना यंत्र स्वतः कधीही खोलू नये. साखळी सुटली तर बोट फाटते.

त्यानंतर डायलची पाठ पाहावी. डायलचे पितळी पाय यंत्राच्या पुढच्या पत्र्यातील भोकांत बसून पिनांनी अडकलेले असतात. पत्र्यात बिनवापराची भोके दिसली, तर डायल आणि यंत्र यांची सोयरीक नंतर जमवलेली असण्याचा दाट संशय घ्यावा. पेटी महॉगनीऐवजी सागवानी असेल, तर ती इथल्या सुताराने केलेली असू शकते आणि तेवढ्यावरून यंत्र खोटे ठरत नाही.

एका विक्रेत्याने मला डायलवर ‘जी. बी. एस. आर.’, म्हणजे गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या रेल्वेची अक्षरे असलेले घड्याळ दाखवले होते. अंकांवर बारीक तडे होते, पण अक्षरांच्या रंगात एकही नव्हता, आणि डायल ज्या स्क्रूंनी बसवले होते त्यांच्या डोक्यावर चौफुलीची खाच होती, जी १९३०च्या दशकाआधी प्रचारात नव्हती. रेल्वेच्या नावाने किंमत चढते, म्हणून अशी अक्षरे भिंगाखालीच वाचावीत.

नावाचेही तसेच आहे. डायलवर पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचे नाव असते. यंत्र मात्र लंडनच्या क्लर्कनवेल भागातील एखाद्या कारखान्यात घडलेले असू शकते. त्यामुळे नावावरून विक्री कळते, घडण कळेलच असे नाही.

घराण्याचा पुरावा म्हणून जुनी पावती किंवा ज्यात मागे घड्याळ दिसते असा कौटुंबिक फोटो जपावा. घड्याळजी यंत्र खोलेल तेव्हा शेजारी बसावे आणि पत्र्याच्या आतल्या बाजूस दुरुस्ती करणाऱ्यांनी टोकदार हत्याराने कोरलेल्या तारखा, तसेच कमानीवर क्वचित सापडणारे कारागिराचे नाव आणि साल यांचे फोटो पितळ चकचकीत करण्यापूर्वी काढून घ्यावेत, कारण पॉलिशच्या एका हाताने हे ओरखडे पुसट होतात.