विज्ञानकथेसाठी संगणकी बोली घडवताना
आधी यंत्र ठरवावे, शब्द त्यामागून येतात. चुंबकीय कड्यांची ‘कोअर’ स्मृती १९७०च्या दशकात मागे पडली, तरी बंद पडलेल्या प्रोग्रॅमची स्मृती फाइलमध्ये उतरवण्याला आजही ‘कोअर डंप’च म्हणतात, अशी शिळी झालेली नावेच बोलीला खरेपणा देतात. म्हणून कथेतील यानाची माहिती एके काळी द्रवात साठवली जात असेल, तर स्फटिकांच्या काळातही तंत्रज्ञाने बिघाड पाहून ‘टाकी गढुळली, गाळून घे’ असेच म्हणावे. शब्द आखूड असावा, त्याचे क्रियापदही व्हावे, आणि त्याचा अर्थ पात्राने समजावून न सांगता पुढच्या कृतीतूनच उलगडावा. भारदस्त जोडशब्द मात्र (लेखकांना त्यांचा फार मोह पडतो) यंत्राच्या जाहिरातीपुरतेच ठेवावेत, कारण रात्रपाळीत ते कोणी उच्चारत नाही.